मालिश व्यवसाय आणि दर्शनी सूचनेचा कायदा : कोल्हापूरच्या संदर्भात

कोल्हापूरच्या तालमींत मालिश ही मुख्यतः मल्लांची परस्परसेवा होती. त्यामुळे भिंतीवर कायद्याची सूचना लावण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. मोबदल्याची सेवा झाल्यावर मात्र मालिश दुकानविषयक कायद्याच्या कक्षेत येते.

मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम, 1948 ने ग्राहकांना सेवा पुरविणारी जागाही ‘दुकान’ मानली आणि नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भागी लावणे बंधनकारक केले. 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन होऊन याच विधिव्यवस्थेत आले. सूचना वाचणारा असेल तरच ती सार्थ ठरते. या दृष्टीने राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये संस्थानात सुरू केलेले सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण ही या तरतुदीची पूर्वपीठिकाच होय.

महाराष्ट्राच्या 2017 च्या अधिनियमाने दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांना नोंदणीतून वगळले; व्यवसायाची माहिती कळविणे पुरेसे ठरले. 2022 च्या दुरुस्तीने मराठी नामफलक मात्र त्यांनाही आवश्यक केला. बाहेरचे नाव राहिले, आतले प्रमाणपत्र गेले.

बंद खोलीत काम करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत ही उणीव गंभीर ठरते. लैंगिक छळ प्रतिबंधक अधिनियम, 2013 च्या कलम 19 नुसार छळाचे दंडात्मक परिणाम आणि अंतर्गत समितीचा आदेश दर्शनी जागी लावावा लागतो. दहापेक्षा कमी कामगार असल्यास तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. पण तिचा पत्ता लावण्याचा उल्लेख त्या कलमात नाही. सारांश, जिला सूचनेची सर्वाधिक गरज, तिच्याच भिंतीवर दाद मागण्याचे ठिकाण लिहिलेले नसते. ही उणीव दूर होणे अगत्याचे आहे.