वीतभर इंजिनांची डागडुजी

इंग्लंडमधल्या स्विंडन गावी ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा प्रचंड कारखाना होता. या कारखान्यात दोन म्हातारी इंजिने कित्येक वर्षे जपून ठेवलेली होती. एकाचे नाव 'नॉर्थ स्टार', म्हणजे ध्रुवतारा आणि दुसऱ्याचे 'लॉर्ड ऑफ द आइल्स'. पहिल्याने १८३८ साली या रेल्वेची पहिली गाडी ओढली होती आणि दुसरे १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडले होते. १९०६ साली तेथील प्रमुख चर्चवर्ड यांनी हुकूम केला, की ही धुडे जागा अडवतात, मोडून टाका. चर्चवर्ड काही अडाणी गृहस्थ नव्हते. थोर इंजिन-रचनाकारांत त्यांची गणना होते. पण नव्या कामाच्या घाईत असलेल्या माणसाला जुनी वस्तू म्हणजे अडगळच वाटते. वाडवडिलांचे तांब्यापितळेचे हंडे मोडीत घालताना आपण तरी दुसरे काय करतो?

पुढे १९ वर्षांनी, १९२५ साली, इंग्लंडात रेल्वेची शताब्दी आली. आपापली जुनी इंजिने मिरवण्याची वेळ आली, तेव्हा ग्रेट वेस्टर्नला 'नॉर्थ स्टार'ची आठवण झाली. मग मोडलेल्या इंजिनाचे जे भाग कुठेकुठे बचावले होते ते गोळा केले आणि त्यांच्या आधाराने नवी प्रतिकृती उभी केली. आज स्विंडनच्या संग्रहालयात लोक जे पाहतात ती ही प्रतिकृती. जे होते ते मोडायचे आणि मग तसेच दुसरे करायचे, असा हा उलटा व्यवहार झाला.

ही रेल्वे इतर रेल्वेंसारखी नव्हती, म्हणून त्या इंजिनांचे मोल अधिक. तिचा अभियंता ब्रुनेल मोठा हट्टी आणि कल्पक पुरुष होता. इतरांनी दोन रुळांमध्ये चार फूट साडेआठ इंच अंतर ठेवले. ब्रुनेलने ठेवले सात फूट पाव इंच. गाडी त्यामुळे स्थिर चाले आणि वेगाने धावे. पण जेथे दोन मापांचे रूळ भेटत, तेथे गोंधळ उडे. ग्लॉस्टर स्टेशनावर एका गाडीतला माल उतरवून दुसरीत भरावा लागे. आपल्याकडे कुर्डुवाडीला बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी मोठ्या गाडीला भेटे, तेथला माल चढवण्या-उतरवण्याचा खटाटोप ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे वेगळे सांगायला नको. इंग्लंडात या प्रश्नावर १८४५ साली आयोग बसला आणि १८४६ साली कायदा होऊन अरुंद मापाची सरशी झाली. त्या सुमारास तिथल्या व्यापारमंडळात रेल्वेचे कामकाज पाहणारा एक तरुण सरदार होता. त्याचे नाव लॉर्ड डलहौसी! पुढे तो हिंदुस्थानचा गव्हर्नर-जनरल झाला, आणि इकडच्या रुळांचे माप ठरवताना त्याने रुंद मापाचीच बाजू घेतली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला निघालेली गाडी साडेपाच फुटी रुळांवरून गेली, त्याच्यामागे हा जुना वाद होता.

ग्रेट वेस्टर्नचे उरलेसुरले रुंद रूळ १८९२ च्या मे महिन्यात एका शनिवार-रविवारात बदलले. चार हजारांवर माणसे कामाला लागली होती. सोमवारी सात फुटी युग संपले. त्या युगातले अस्सल असे एकच इंजिन आज शिल्लक आहे. १८६८ साली बनलेले उभ्या बॉयलरचे हे लहानखुरे यंत्र, नावच त्याचे 'टायनी', म्हणजे चिमुकले. मोठी गेली, चिमुकले राहिले.

आता याहूनही चिमुकल्या इंजिनांकडे वळू. जे लोखंडात राहिले नाही ते पत्र्यात, लाकडात आणि जस्ताच्या ओतकामात राहिले. ऑक्सफर्डशायरमधल्या लाँग विटनम गावी पेंडन नावाचे संग्रहालय आहे. ऑस्ट्रेलियातून १९२५ साली इंग्लंडात आलेल्या रॉय इंग्लंड नावाच्या माणसाने १९५४ साली ते सुरू केले. मौज पाहा, आडनावही इंग्लंडच! खेड्यातली गवताने शाकारलेली घरे आणि ग्रेट वेस्टर्नची हिरवी इंजिने या दोहोंचा त्याला ध्यास. घरे बदलू लागलेली पाहून तो अस्वस्थ झाला आणि त्याने ती मोजून, टिपून, लहान करून ठेवायला घेतली. तेथे एका फुटाला चार मिलिमीटर असे प्रमाण आहे, म्हणजे मूळ वस्तूचा सुमारे ७६ वा भाग. सहा फुटी माणूस या मापात २४ मिलिमीटरचा, बोटाच्या पेराएवढा होतो. ६८ फुटांचे 'किंग' वर्गाचे इंजिन वीतभराहून थोडे लांब होते. ब्रुनेलने डेव्हन-कॉर्नवॉलमध्ये बांधलेले लाकडी पूल प्रत्यक्षात नाहीसे झाले, पण त्या घाटणीचा एक पूल तेथे टेबलावर उभा आहे आणि त्यावरून गाडी जाते.

जवळच डिडकोट येथे खऱ्या इंजिनांचा सांभाळ होतो. ती संस्था १९६१ साली काही शाळकरी मुलांनी सुरू केली. एक लहान इंजिन मोडीत जाऊ नये एवढाच त्यांचा मूळ हेतू होता. शिक्षक बंधु-भगिनींनी हे वर्गात जरूर सांगावे.

पण पेंडनची इंजिने जाणकारांनी जाणून बनवलेली. मला अधिक ओढ आहे ती बाजारात विकलेल्या, मुलांनी खेळलेल्या, माळ्यावर पडलेल्या गाड्यांची. त्यांची परंपराही जुनी आहे. नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोक यांनी जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या बिंग कारखान्याकडून ब्रिटिश धर्तीच्या गाड्या बनवून घेतल्या. १९२२ साली बिंगने जेवणाच्या टेबलावर मावेल अशी छोटी रेल्वे काढली. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ साली ज्या खेळण्याचे पेटंट घेतले ते पुढे मेकॅनो म्हणून जगभर गेले. भोकांच्या पट्ट्या आणि नट-बोल्ट आपल्यापैकी पुष्कळांनी हाताळले असतील. त्याच्या कंपनीने १९२० पासून आगगाड्या केल्या आणि १९३८ साली 'हॉर्नबी डब्लो' नावाची लहान मापाची विजेची गाडी आणली. ब्रिटनमध्ये तेव्हा चार मोठ्या रेल्वे कंपन्या होत्या आणि डब्लोचे टाकी-इंजिन या चौघींच्याही रंगांत मिळे. टाकी-इंजिन म्हणजे पाण्याच्या टाक्या अंगावरच वाहणारे. खरे तर ते इंजिन होते दुसऱ्याच कंपनीच्या नमुन्याचे. हिरवा अंगरखा चढवून त्याला ग्रेट वेस्टर्नचे केले, एवढेच!

रुळांचीही अशीच गंमत. लहान इंजिनात त्या काळची मोटर मावेना, म्हणून ब्रिटिश कारखानदारांनी इंजिन चार मिलिमीटरच्या प्रमाणात मोठे केले, पण रूळ ठेवले साडेसोळा मिलिमीटरचे. हिशेब केला तर ते अंतर चार फूट दीड इंच भरते, म्हणजे खऱ्यापेक्षा सात इंच कमी. सात फुटांचा अभिमान बाळगणाऱ्या रेल्वेच्या नशिबी खेळण्यात हे आले.

या गाड्या सापडतात कुठे? घराच्या माळ्यावर, लिलावात, जुन्या बाजारात. शोधणाऱ्याने आधी खोके पाहावे. मेकॅनो कंपनीच्या खोक्यांवर बारीक अक्षरांत छपाईचा संकेत असे, त्यात महिना आणि साल असते. फाटके खोके म्हणून फेकून दिले, की गाडीचा जन्मदाखला गेला.

दुरुस्तीचे काम बहुधा सोपे निघते. जुन्या तेलाचा डिंक झालेला असतो, तो काढायचा. चाकात गुंतलेले गालिच्याचे धागे आणि केस उपसायचे. मोटरचे झिजलेले कार्बन बदलायचे. किल्लीच्या गाडीची कमान तुटली असेल तर काम वाढते. विजेच्या जुन्या मोटरबाबत एक सावधगिरी मात्र हवी. तिच्यातला फिरणारा भाग नुसता ओढून बाहेर काढला, तर लोहचुंबकाची शक्ती उतरते. चुंबकाच्या तोंडाशी लोखंडाचा तुकडा टेकवूनच तो काढावा लागतो. पत्र्याच्या डब्यांचे भाग लहान जिभा दुमडून जोडलेले असतात. एकदा उघडून मिटल्या तर चालते. पुन्हापुन्हा वाकवल्या तर तुटतात.

खरे दुखणे निराळेच आहे. युद्धापूर्वीच्या कित्येक गाड्यांची चाके आणि सांगाडे जस्ताच्या मिश्रधातूचे ओतलेले असत. त्या जस्तात शिशाचा किंचित अंश राहिला, अगदी हजारात एक भागही लागत नाही, तरी धातू आतून पोखरतो. दमट हवेने तो फुगतो, त्याला तडे जातात, चाक वाकडे होते आणि शेवटी बोटाने दाबले तरी चुरा होतो. भुंग्याने पोखरलेला ज्वारीचा दाणा वरून धड दिसतो आणि चिमटीत फुटतो, तसे. फरक एवढाच, की ही कीड शेजारच्या गाडीला लागत नाही. यावर औषध नाही. कोरड्या जागी ठेवले तर वेग कमी होतो आणि गेलेले चाक नव्या, शुद्ध धातूचे घालता येते. पण चाके बदलली, मग सांगाडा, मग मोटर, तर इंजिन जुने म्हणायचे की नवे? स्विंडनच्या 'नॉर्थ स्टार'पाशी येऊन पोचलो की नाही आपण? माझे मत विचाराल तर, बदलावे, पण काढलेला तुकडा डबीत घालून, चिठ्ठी लावून ठेवावा.

रंगाच्या बाबतीत मात्र मी कडवा आहे. नव्या रंगाने गाडी देखणी होते आणि मुकी होते. ग्रेट वेस्टर्नचे डबे वरून सायीच्या रंगाचे आणि खाली चॉकलेटी असत. १९०८ पासून ते सबंध तपकिरी झाले, १९१२ पासून गडद किरमिजी, आणि १९२२ साली पुन्हा चॉकलेट-साय आली. १९३४ साली कंपनीने आपली तीन अक्षरे गोलात गुंफून चिन्ह केले. लोक त्याला सदऱ्याचे बटण म्हणत. १९४२ साली ते गेले आणि साधी अक्षरे आली. १ जानेवारी १९४८ ला रेल्वे सरकारी झाली आणि ग्रेट वेस्टर्न हे नावच मिटले. म्हणजे वीतभर डब्यावरचा एक ओरखडलेला रंग सांगतो, की करणाऱ्याने कोणत्या सालचा नमुना समोर ठेवला होता.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही. मुंबईच्या चोरबाजारात मला एकदा एक हिरवे टाकी-इंजिन मिळाले. चाके जाम, अंगावर काळपट थर. घरी आणून उत्साहाने स्पिरिटच्या बोळ्याने पुसायला लागलो. मळ निघाला, खालचा हिरवा रंग उजळला, मी खूष झालो. दिव्याशी बोळा धरून पाहतो तो त्यावर सोनेरी कण! टाकीवरची अक्षरे वार्निशासकट निघून आली होती, आणि मी ती नीट वाचलीदेखील नव्हती. हिरवा रंग तर त्या काळी एकाहून अधिक कंपन्यांचा असे. ग्रेट वेस्टर्नचेच असावे असे मला वाटते, पण ते वाटणेच. मोटर मी नंतर दुरुस्त केली. इंजिन आता छान धावते, आणि तो सोनेरी कणांचा बोळा मी त्याच्याच खोक्यात ठेवला आहे.