बीड जिल्ह्यातील फिरती वीज

बीड जिल्ह्यातील विजेचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे लेखणी साहजिकच १९७१ साली सुरू झालेल्या परळी-वैजनाथच्या औष्णिक केंद्राकडे वळते. परंतु तारा पोचण्यापूर्वी मराठवाड्यातील अनेक गावकऱ्यांनी वीज पाहिली ती यात्रेत, फिरत्या चित्रपटाच्या तंबूत. सामग्री साधीच: तेलावर चालणारे लहान इंजिन, पट्ट्याने फिरणारा डायनामो आणि प्रक्षेपकातील कार्बनच्या कांड्या. त्यांची ज्योत स्थिर राहण्यास एकदिश प्रवाह सोयीचा, आणि डायनामो तोच देई. ज्योत पेटताच इंजिनावर भार येई, वेग मंदावे, बाहेरील दिवे मिणमिणत. गतिनियंत्रक अधिक तेल सोडी तेव्हा प्रकाश सावरे. इंजिनवाला म्हणजे त्या चार रात्रींपुरते वीजमंडळच म्हणावयाचे! १९४६ मध्ये पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. याच जातीची इंजिने शेतकऱ्याने विहिरीवर बसविली, तंबूवाल्याने गाडीवर. विहिरीवरील इंजिनाचा माग तगाईच्या दप्तरात काढता येतो. गाडीवरील इंजिन मात्र यात्रा उठताच निघून जाई आणि गाव पुन्हा कंदिलावर येई. खांबांची गणना करणाऱ्या कोष्टकांत ही वीज येत नाही. ती शोधावयाची तर यात्रांतील खेळांचे परवाने आणि वृद्धांच्या आठवणी यांकडेच वळावे लागेल, आणि त्यांपैकी दुसरे साधन दरवर्षी घटत आहे.