वित्तीय परिभाषा, फ्रेंच

कंपन्यांचे भांडवल, कर्जव्यवहार व रोखेबाजार यांसंबंधीच्या इंग्रजी संज्ञांना फ्रेंच भाषेत प्रतिशब्द योजण्याचे कार्य विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून फ्रान्समध्ये व कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात पद्धतशीरपणे सुरू झाले. त्यातून सिद्ध झालेल्या शब्दसंग्रहास फ्रेंच वित्तीय परिभाषा असे म्हणता येईल. कर्जविषयक संज्ञा ही केवळ वस्तूचे नाव नसते. तिच्याबरोबर धनकोचे हक्क व ऋणकोची दायित्वे निगडित असतात. त्यामुळे या परिभाषेचा इतिहास हा भाषेइतकाच कायद्याचाही इतिहास आहे.

पूर्वपीठिका : इंग्रजीतील अनेक वित्तीय संज्ञांचे मूळ फ्रेंच भाषेतच आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर तेथील दरबारात व न्यायालयांत फ्रेंचचा शिरकाव झाला. १३६२ च्या कायद्याने न्यायालयातील युक्तिवाद इंग्रजीत करण्याचे ठरले, तरी वकिलांच्या व्यवहारात फ्रेंच संज्ञा टिकून राहिल्या. इंग्रजीतील ‘मॉर्गेज’ हा शब्द ‘मृत गहाण’ अशा अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आला आहे. ‘बजेट’ हा शब्द चामड्याची लहान पिशवी या अर्थाच्या ‘बूझेत’ या जुन्या फ्रेंच शब्दापासून निर्माण झाला आणि नवा अर्थ घेऊन पुढे फ्रान्समध्ये परतला. फ्रेंच कायद्यात मात्र स्थावर मालमत्तेच्या गहाणास ग्रीक मूळ असलेला ‘इपोतेक’ हा शब्द रूढ आहे; ‘गाज’ हा शब्द जंगम वस्तूंच्या तारणासाठी योजला जातो. अशा रीतीने एकाच मुळातून निघालेल्या शब्दांचे अर्थ दोन देशांत वेगळे झाले.

भाषांतरातील अडचणी : १८०४ ची नागरी संहिता व १८०७ ची व्यापारी संहिता यांनी फ्रेंच कायद्यातील संकल्पना व्याख्याबद्ध केल्या. इंग्लंडमधील कायदा मात्र मुख्यतः न्यायालयीन निर्णयांतून वाढत गेला. परिणामी एका भाषेतील संज्ञेस दुसरीत नेमका प्रतिशब्द पुष्कळदा सापडत नाही. इंग्रजी ‘लोन’ या शब्दासाठी फ्रेंचमध्ये धनकोच्या बाजूने ‘प्रे’ व ऋणकोच्या बाजूने ‘आँप्रँ’ असे दोन वेगळे शब्द आहेत. तेव्हा करारातील वाक्य कोणाच्या बाजूने लिहिले आहे, हे भाषांतरकारास प्रथम ठरवावे लागते. ‘सिक्युरिटी’ या शब्दाचेही तसेच आहे. त्याचा अर्थ तारण असेल, तर ‘स्युरते’ आणि बाजारात विकला जाणारा रोखा असेल, तर ‘तित्र’ असा शब्द योजावा लागतो. याउलट वरवर सारख्या दिसणाऱ्या शब्दांपासूनही धोका संभवतो. आजच्या इंग्रजी वित्तव्यवहारात ‘बिलियन’ म्हणजे शंभर कोटी; फ्रेंच ‘बिल्यों’ म्हणजे एक लाख कोटी. शंभर कोटींसाठी फ्रेंचमध्ये ‘मिल्यार’ हा शब्द आहे. या एका शब्दाच्या चुकीने कर्जाची रक्कम हजारपट होऊ शकते.

शासकीय प्रयत्न : दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन भांडवल व व्यवस्थापनपद्धती यांच्याबरोबर त्यांची परिभाषाही फ्रान्समध्ये आली. रने एत्याँब्ल यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात इंग्रजीमिश्रित फ्रेंच भाषेवर कडाडून टीका केली. त्यानंतर १९६६ मध्ये फ्रेंच भाषेच्या संरक्षणासाठी व प्रसारासाठी एक उच्च समिती स्थापन झाली. १९७२ च्या हुकूमनाम्याने प्रत्येक मंत्रालयात परिभाषा आयोग नेमण्याची तरतूद केली व १९७३ पासून शासकीय राजपत्रात शब्दसूची प्रसिद्ध होऊ लागल्या. ३१ डिसेंबर १९७५ च्या कायद्याने व त्याची जागा घेणाऱ्या ४ ऑगस्ट १९९४ च्या कायद्याने फ्रेंचचा वापर अनेक क्षेत्रांत बंधनकारक केला. १९९४ च्या कायद्यानुसार ग्राहकांपुढे मांडावयाच्या सेवांचे प्रस्ताव फ्रेंचमध्ये असावे लागतात; तसेच सार्वजनिक संस्था पक्षकार असलेले करारही, काही अपवाद वगळता, फ्रेंचमध्येच करावे लागतात. मात्र त्याच वर्षी २९ जुलै रोजी संविधान परिषदेने असा निर्णय दिला होता, की अधिकृत शब्दच वापरण्याची सक्ती खाजगी व्यक्तींवर करता येणार नाही. तसे करणे १७८९ च्या मानवी हक्कांच्या घोषणेतील अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत ठरेल. म्हणून शासकीय शब्दसूची शासनाच्या सेवांपुरतीच बंधनकारक राहिली. १९९६ मध्ये ही यंत्रणा नव्याने रचण्यात आली आणि शब्द राजपत्रात येण्यापूर्वी फ्रेंच अकादमीची संमती आवश्यक ठरली.

रूढ झालेल्या संज्ञा : कायद्याने ज्या व्यवहारास स्वतंत्र रूप दिले, त्याचा फ्रेंच शब्द बहुधा टिकला. वित्तसंस्थेने यंत्रसामग्री विकत घेऊन ती उद्योगास भाड्याने द्यावयाची आणि दिलेले भाडे जमेस धरून ठरविलेल्या किमतीस ती खरेदी करण्याची मुभा त्यास ठेवावयाची, हा व्यवहार अमेरिकेतून ‘लीझिंग’ या नावाने आला. २ जुलै १९६६ च्या कायद्याने त्यास ‘क्रेदी-बाय’ म्हणजे कर्ज-भाडेपट्टा असे नाव व व्याख्या दिली; आज ती रूढ कायदेशीर संज्ञा आहे. व्यापाऱ्याची येणी विकत घेऊन त्यास आगाऊ रक्कम देण्याच्या ‘फॅक्टरिंग’साठी बीजकवाचक ‘फाक्त्युर’ या शब्दावरून ‘आफाक्त्युराज’ ही संज्ञा घडविण्यात आली. कर्जांची येणी एकत्र करून त्यांच्या आधारे रोखे विकण्याच्या प्रक्रियेस ‘तित्र’पासून ‘तित्रिझास्यों’ हे नाव मिळाले. २३ डिसेंबर १९८८ च्या कायद्याने तिचा मार्ग मोकळा केला.

इंग्रजी ‘ट्रस्ट’चा प्रश्न सर्वांत अवघड होता. एकाच मालमत्तेत विश्वस्ताचा कायदेशीर व लाभधारकाचा न्याय्य असे दोन हक्क मानणे फ्रेंच नागरी संहितेच्या चौकटीत बसत नव्हते. १९ फेब्रुवारी २००७ च्या कायद्याने रोमन कायद्यातील नाव पुनरुज्जीवित करून ‘फिदुसी’ ही संस्था संहितेत आणली. तथापि ती इंग्रजी न्यासाहून भिन्न आहे. अनेक बँकांनी मिळून दिलेल्या कर्जाचे तारण इंग्रजी पद्धतीत एक विश्वस्त सर्वांच्या वतीने धारण करतो. फ्रान्समध्ये तारण-प्रतिनिधीची तरतूद २००७ मध्ये झाली. परंतु त्यास स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मालमत्तेपासून वेगळे ठेवून, तारण धारण करण्याचा स्पष्ट अधिकार २०१७ च्या अध्यादेशाने मिळाला. येथे शब्द शोधणे पुरेसे नव्हते. कायदाच नवा करावा लागला.

याउलट ‘मार्केटिंग’साठी सुचविलेला ‘मेर्कातिक’ हा शब्द पाठ्यपुस्तकांत व अभ्यासक्रमांत स्थिरावला, पण व्यापारी जगात रुजला नाही. त्यामागे कोणताही कायदेशीर व्यवहार नव्हता आणि प्रचलित शब्द सोडण्याचे कारण व्यापाऱ्यांना वाटले नाही.

क्वेबेकमधील कार्य : क्वेबेकमध्ये फ्रेंच भाषक बहुसंख्य असले, तरी व्यापार व बँकव्यवसायात इंग्रजीचे दीर्घकाळ वर्चस्व होते. १९६१ मध्ये तेथे फ्रेंच भाषा कार्यालय स्थापन झाले व १९७७ च्या फ्रेंच भाषेच्या सनदेने फ्रेंचला व्यापार व नोकरीच्या क्षेत्रांत अग्रस्थान दिले. कंपनीच्या सतत बदलणाऱ्या मालसाठ्यावर व येण्यांवर असणारा इंग्रजी पद्धतीचा तरता बोजा तेथे शब्दशः भाषांतराने आला होता. १ जानेवारी १९९४ रोजी अंमलात आलेल्या क्वेबेकच्या नागरी संहितेने त्यास ‘उघडे गहाण’ या अर्थाचे ‘इपोतेक उव्हेर्त’ असे नाव दिले. ऋणकोने कसूर केल्यावर धनकोने सूचना दिली, की हे गहाण ‘बंद’ होते, म्हणजे त्या वेळच्या मालमत्तेवर पक्के बसते. जुने रूपक जसेच्या तसे न उचलता संहितेच्याच भाषेत व्यवहार मांडल्याचे हे उत्तम उदाहरण होय.

सद्यःस्थिती व मूल्यमापन : मोठ्या आंतरराष्ट्रीय कर्जांचे करार बहुधा इंग्रजीतच होतात. १९९६ मध्ये लंडन येथे स्थापन झालेल्या कर्जबाजार संघटनेचे नमुना-करार युरोपभर वापरले जातात. २००३ च्या युरोपीय निर्देशाने परदेशी गुंतवणूकदारांसाठी आंतरराष्ट्रीय वित्तक्षेत्रात रूढ असलेल्या भाषेत माहितीपत्रक काढण्यास वाव दिला. पॅरिसच्या अपील न्यायालयात २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारी विवादांसाठी जे विशेष कक्ष स्थापन झाले, तेथे इंग्रजी कागदपत्रे व साक्षी स्वीकारल्या जातात. निर्णय मात्र फ्रेंचमध्ये दिला जातो.

बड्या कंपन्यांस दुसऱ्या भाषेतील करार समजावून देणारे सल्लागार मिळतात. घरासाठी कर्ज काढणाऱ्या कुटुंबास किंवा लहान कारखानदारास ती सोय नसते. आपण कोणते तारण लिहून देत आहोत आणि हप्ता चुकल्यास काय गमावू, हे त्यास स्वभाषेत वाचता आले पाहिजे. पन्नासहून अधिक वर्षे चाललेल्या या कार्याचे खरे महत्त्व येथे आहे. केवळ राजपत्रातील सूचीने शब्द रुजत नाहीत. त्यांना कायद्याचे व नित्य व्यवहाराचे पाठबळ मिळाले, तरच ते टिकतात, असे फ्रेंच अनुभवावरून दिसून येते.