उंच बॉनेटची जीप

ग्रामीण मराठीत ‘हायब्रीड’ हा शब्द शिवीच्या जवळ जाऊन बसला आहे. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे ज्वारीचे संकरित वाण आले, त्यामागून आणखी वाणे आली. कणगी भरली, पण भाकरीची चव गेली आणि कडबा आखूड झाला, अशी कुरकुर गावोगाव सुरू झाली. तिथून हा शब्द माणसांना चिकटला. ‘हायब्रीड पोरं’ म्हणजे दिसायला टुमदार, आतून पोकळ. संकराविषयीची धास्ती आपल्याकडे अर्थातच त्याहून जुनी आहे. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन वर्णसंकराचे भय बोलून दाखवतो. वर्गात ‘संकर’ या शब्दाचा अर्थ सांगताना आम्हांला ही सगळी अडगळ बाजूला सारावी लागते.

गंमत अशी की ज्या काळात हा शब्द बदनाम होत होता, त्याच काळात त्याच शेतकऱ्यांच्या दारात दुसरा एक संकर येऊन उभा राहिला आणि त्याला कुणी हायब्रीड म्हटले नाही. तो म्हणजे ट्रॅक्टरचे इंजिन घातलेली जीप. ‘इंटरनॅशनलचं इंजिन टाकलंय’ असे तिच्याविषयी अभिमानाने सांगितले जाई.

मुळात जीपचे पेट्रोल इंजिन तरी कुठे निर्भेळ होते? दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपचे इंजिन बार्नी रूस या अभियंत्याने नावारूपाला आणले. त्याच्या आत घेणाऱ्या आणि बाहेर टाकणाऱ्या दोन्ही झडपा ब्लॉकमध्येच होत्या. युद्धानंतर अधिक ताकदीची गरज भासली, तेव्हा कंपनीने नवे इंजिन काढले नाही. सिलिंडरचा व्यास आणि दट्ट्याची धाव तीच, क्षमता तीच २१९९ सीसी. फक्त आत घेणारी झडप वर नव्या हेडमध्ये नेली आणि बाहेर टाकणारी खाली जुन्या जागी ठेवली. अर्धे इंजिन जुने, अर्धे नवे. साठाच्या जागी बहात्तर अश्वशक्ती मिळू लागली, पण इंजिन उंच झाले आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. म्हणून १९५३ च्या सीजे-३बी जीपचे बॉनेट उचलावे लागले. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये थांबले. महिंद्राने मात्र ते पुढे अनेक वर्षे बनवले. महाराष्ट्राच्या रस्त्यांवर तहसीलदारापासून द्राक्षबागायतदारापर्यंत सर्वांकडे दिसणारी ती उंच कपाळाची, काहीशी बोजड जीप ती हीच. तिच्याकडे ‘अस्सल’ जीप म्हणून पाहणाऱ्यांनी ते कपाळ कशामुळे उंच आहे, हे ध्यानात घ्यावे.

दुसरा संकर मुंबईत झाला. १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीशी भागीदारी केली आणि कांदिवलीत बी-२७५ ट्रॅक्टर तयार होऊ लागला. हा ट्रॅक्टर ब्रिटनमध्ये घडलेला. त्याचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन सुमारे ३५ अश्वशक्तीचे, मंद आणि चिवट. १९७३ च्या तेलसंकटाने पेट्रोलची जीप पोसणे अवघड झाले, तेव्हा एकाच घरातली ही दोन यंत्रे एकत्र आली. सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतर ट्रॅक्टरच्या वंशातले डिझेल इंजिन कारखान्यातूनच जीपमध्ये बसू लागले. पुढे १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजोकडून एक्सडीपी ४.९० या इंजिनाचा परवाना आला. नावातला चार हा सिलिंडरांचा आकडा, नव्वद हा त्यांचा मिलिमीटरमधला व्यास. इंजिनांचा कारखाना इगतपुरीला उभा राहिला. मनमाडकडे जाणारी जी गाडी इगतपुरीचा घाट चढून येते, तीच निफाडनंतर लासलगावला थांबते.

कारखान्याने केले ते गावच्या मेस्त्रीनेही केले, आणि त्याच्याकडे ना आराखडे होते ना परवाने. आपल्या खरा कुतूहलाचा विषय हा आहे. पेट्रोलची जुनी जीप पाचसहा हजार रुपये खर्चून टिकवण्यापेक्षा तिच्यात भंगारातल्या ट्रॅक्टरचे किंवा अपघातात सापडलेल्या मॅटाडोरचे इंजिन बसवावे, हा हिशेब कुणालाही पटणारा होता. इंजिन चेसीवर टेकवणे त्यातल्या त्यात सोपे. खरी कसोटी इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यात असे. दोघांची भोके जुळत नाहीत, म्हणून मध्ये जाड पोलादी प्लेट घालावी लागते. ही प्लेट लेथवर कातून घेताना क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या दांड्याचा मध्य एका रेषेत आला पाहिजे. तो केसभर सरकला तरी पहिल्या दिवशी काही कळत नाही. जीप चालते, मालक पेढे वाटतो. मग काही महिन्यांत बेअरिंग ओरडू लागते, क्लचप्लेटचा मधला भाग फुटतो आणि सगळे पुन्हा उतरवावे लागते. चांगला मेस्त्री प्लेट बसवल्यावर फ्लायव्हीलच्या जागी डायल लावून क्रँक हाताने फिरवी, काटा हलला की प्लेट काढून पुन्हा घासी. या कामाचे पैसे वेगळे मिळत नसत.

त्यापुढेही हिशेब होतेच. पेट्रोल इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांपर्यंत जाते, ट्रॅक्टरचे सुमारे दोन हजारांवर खूश असते. जीपच्या मागच्या दांड्यातले गुणोत्तर पेट्रोलसाठी ठरवलेले, ५.३८ ला एक. तेच ठेवले तर जीप ओढते बैलासारखी, पण पळत नाही. डिझेलचे इंजिन जड, म्हणून पुढच्या पाट्यांत एक पाटा वाढवायचा. डिझेलचा धक्का मोठा, म्हणून माउंटिंगचे रबर जाड घ्यायचे. बॅटरी मोठी, स्टार्टर मोठा, रेडिएटर पुढे सरकवलेला. विश्वासार्हता ही एखाद्या भागाच्या अंगी नसून अशा पंधरावीस तडजोडींच्या बेरजेतून ती येते, हे त्या मेस्त्रीला पुस्तकाशिवाय ठाऊक होते.

आपल्याकडच्या देशीयतेच्या चर्चेत, भालचंद्र नेमाड्यांच्या मांडणीपासून तिच्या विरोधकांपर्यंत, बाहेरून आलेल्या गोष्टीचे काय करायचे हा प्रश्न बहुधा शुद्धतेच्या भाषेत विचारला जातो. या सांध्यावरच्या प्लेटचा विचार तिथे कुणी करत नाही. मराठी गझल किंवा कादंबरी शिकवताना आम्हांला मात्र ती आठवते. नवा घाट आणि जुनी भाषा यांच्यामध्ये नेमके काय कातून घातले आहे, हे पाहावेसे वाटते.

या कामाची लेखी नोंद फारशी उरलेली नाही. कायद्याला असली कामे आवडत नाहीत, यालाही कारण आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ने वाहनातील फेरफारांवर बंधने घातली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाचा अर्थ अधिकच कडक लावला. ढिल्या प्लेटवरचे इंजिन घाटात सुटले तर काय होईल, हे सांगायला नको. आम्ही कायद्याच्या बाजूचे आहोत. पण नोंदणीच्या कागदावर इंजिनाचा क्रमांक असतो, प्लेट कातणाऱ्याचे नाव नसते, एवढी तक्रार ठेवून.

आता थोडे अंकगणित. इंटरनॅशनलच्या बी-२७५ चा मोठा भाऊ बी-४१४. त्याच्या सिलिंडरचा व्यास साडेतीन इंच, दट्ट्याची धाव चार इंच. मिलिमीटरमध्ये ८८.९ आणि १०१.६. चार सिलिंडरांचा गुणाकार केला की २५२३ सीसी येतात. महिंद्राच्या बोलेरो पिकअपमध्ये अनेक वर्षे जे अडीच लिटरचे डिझेल इंजिन बसले, त्याची मापे हीच आहेत, क्षमताही हीच, २५२३. इंधनाची फवारणी बदलली, टर्बो आला, कॉमन रेल आले. पण इंचांचा तो हिशेब मिलिमीटरच्या कपड्यांत अजून जिवंत दिसतो.

लासलगावची बाजार समिती १९४७ ची. विलीसच्या पहिल्या जीप सुट्या भागांच्या रूपात मुंबईत आल्या, त्याच वर्षीची. कांद्याच्या हंगामात तिच्या आवारात सकाळी लिलावापूर्वी ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप शेजारी शेजारी रांगेत लागतात. चालक उतरून चहाला जातात, काही गाड्यांची इंजिने चालूच राहतात. पिकअपचे आणि शेजारच्या जुन्या लाल ट्रॅक्टरचे आवाज एकमेकांत इतके मिसळतात की कुठले कुणाचे हे सांगता येत नाही.