सूर्यप्रकाशापासून त्वचारक्षण

सूर्यप्रकाशातील जंबुपार प्रारणाने (वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य प्रारणाने) त्वचेस होणारी इजा टाळण्यासाठी केलेला वस्त्रे, छत्री, टोपी व सूर्यरोधक लेप यांचा उपयोग. ऊन बाधते ते त्यातील उष्णतेमुळे, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. ती दूर होण्यास एकोणिसावे शतक खर्ची पडले. तर हे रक्षण सहलीच्या दिवसापुरते नसून रोजचे असावे लागते, याला प्रयोगाचा आधार मिळेपर्यंत विसावे शतक संपत आले.

ब्रिटिश शल्यचिकित्सक एव्हरार्ड होम यांनी १८२० च्या सुमारास आपले दोन्ही हात भर दुपारी उन्हात धरले. एक उघडा, दुसरा काळ्या कापडाने झाकलेला. कापडाखालील तापमापकाचा पारा अधिक चढला, तरी पोळला तो उघडा हात. कृष्णवर्णी त्वचा उष्णता अधिक शोषूनही उन्हात तग कशी धरते, या प्रश्नातून हा प्रयोग सुचला होता. योहान व्हिल्हेल्म रिटर यांनी जंबुपार किरण १८०१ मध्येच शोधले होते. परंतु या दोन गोष्टींची सांगड घातली जाण्यास बराच काळ जावा लागला. स्वीडिश नेत्रवैद्य एरिक योहान विडमार्क यांनी १८८९ मध्ये त्वचेचा दाह याच किरणांमुळे होतो, हे प्रयोगांनी दाखविले. हँबर्गचे त्वचारोगतज्ञ पाउल गेर्सोन उन्ना यांनी १८९४ मध्ये खलाशांच्या त्वचेतील विकृती व कर्करोग यांचा संबंध वर्णिला. १९२८ मध्ये जी. एम्. फिंडली यांनी जंबुपार प्रारणाने उंदरांत त्वचेचा कर्करोग उत्पन्न करून दाखविला.

याच काळात यूरोप-अमेरिकेत उन्हात रापलेले अंग आरोग्याचे व सुखवस्तूपणाचे लक्षण मानले जाऊ लागले, हा एक विलक्षण योगायोग होय. १९२८ मध्ये अमेरिकेत व १९३५ च्या सुमारास फ्रान्समध्ये विक्रीस आलेल्या लेपांचा हेतू न पोळता रापता यावे, एवढाच होता. लेपाचे बळ मोजण्याची पद्धत रूडोल्फ शुल्त्से यांनी १९५६ मध्ये मांडली व ऑस्ट्रियाचे फ्रांट्स ग्राइटर यांनी ‘सूर्यरक्षणांक’ या नावाने ती रूढ केली. लेप लावलेली त्वचा लाल होण्यास लागणारी प्रारणमात्रा उघड्या त्वचेला लागणाऱ्या मात्रेच्या जितकी पट, तितका हा अंक. त्यासाठी दर चौ. सेंमी.ला २ मिग्रॅ. लेप धरतात; प्रत्यक्षात लोक बहुधा याहून पुष्कळच कमी लावतात. शिवाय काचेतून पार होणाऱ्या व सुरकुत्यांना कारण होणाऱ्या दीर्घ तरंगलांबीच्या (३२० ते ४०० नॅनोमीटर) जंबुपार किरणांविषयी हा अंक फारसे सांगत नाही.

रोजच्या लेपाची निर्णायक कसोटी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यातल्या नांबूर या गावी झाली. ॲडेल ग्रीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ ते १९९६ या काळात १,६२१ रहिवाशांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छया गट पाडले. एका गटाने रोज सकाळी डोके, मान, बाहू व हात यांना लेप लावावयाचा होता. दुसऱ्यास लेप मना करणे नीतीस धरून नसल्याने त्याने आपल्या सवयीप्रमाणे वागावयाचे होते. पहिल्या गटात शल्की कोशिकांचा कर्करोग सु. ४० टक्क्यांनी कमी आढळला; तळच्या थरातील कोशिकांच्या कर्करोगात मात्र फरक पडला नाही. त्यानंतर दहा वर्षे पाहणी चालू ठेवली, तेव्हा मेलॅनोमाचे (रंजककोशिकांच्या घातक कर्करोगाचे) ११ रुग्ण रोजच्या लेपाच्या गटात व २२ दुसऱ्या गटात निघाले. आकडे लहान असून संख्याशास्त्रीय दृष्ट्या हा फरक सीमेवरचा आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात रोज लेप लावणाऱ्यांची त्वचा साडेचार वर्षांत कमी जीर्ण झालेली आढळली.

हे निष्कर्ष प्रामुख्याने गोऱ्या लोकांवरून काढलेले असल्याने भारतीयांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. अधिक मेलॅनिनामुळे येथे त्वचेचा कर्करोग तुलनेने विरळ आहे. मात्र वांग उन्हाने वाढतो. त्यास दृश्य प्रकाशही कारण होतो व तो साध्या लेपाने अडत नाही. त्यासाठी लोह ऑक्साइडयुक्त रंगीत लेप वापरतात. शेतात राबणाऱ्या स्त्रिया साडीवर पुरुषी लांब बाह्यांचा सदरा चढवून डोके पदराने किंवा फडक्याने झाकतात. जाड, घट्ट विणीच्या कापडाचा हा आडोसा दोन्ही प्रकारचे प्रकाशकिरण अडवितो.