वाट मोकळी करणारा परमवीर : रामा राघोबा राणे



परमवीर चक्र म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो संगीन रोखून शत्रूवर तुटून पडणारा जवान. सेकंड लेफ्टनंट राणे यांना ते मिळालं रस्ता मोकळा केल्याबद्दल! आपल्यातल्या इंजिनिअर मंडळींनी तरी हा माणूस माहीत करून घ्यायलाच हवा.

जन्म 26 जून 1918, कारवारजवळच्या चेंडिये गावचा. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. 1940 साली ते बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे खडकीच्या पलटणीत, साधे शिपाई म्हणून भरती झाले. ब्रह्मदेशात माघारीच्या वेळी दारूगोळा नष्ट करायला त्यांच्या तुकडीला मागे ठेवलं होतं. न्यायला जहाज आलंच नाही, तेव्हा जपान्यांचा पहारा चुकवून नदी ओलांडून ते आपल्या लोकांत परतले. डिसेंबर 1947 मध्ये अधिकारी झाले.

एप्रिल 1948. राजौरी नोव्हेंबरपासून हल्लेखोरांच्या ताब्यात होती आणि तिथल्या लोकांचे अतोनात हाल चालले होते. नौशेऱ्याहून फौज निघाली खरी, पण वाटेत सुरुंग पेरलेले, पूल उडवलेले, झाडं आडवी टाकलेली. रणगाडे पुढे सरकणार कसे?

8 तारखेला काम सुरू करताच उखळी तोफांचा मारा झाला. दोन सॅपर ठार, पाच जखमी. त्या पाचांत राणे स्वतः. तरी ते हटले नाहीत. समोरून मशीनगन चालू असल्यामुळे ते चक्क रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि त्याच्याबरोबर रांगत पुढे गेले. ड्रायव्हरला इशारा द्यायला दोन दोर : एक ओढला की थांब, दुसरा ओढला की चल. 10 तारखेला पाइनची पाच झाडं आणि त्यांच्या आजूबाजूचे सुरुंग काढले. 11 तारखेला चिंगसच्या पुढे सलग 17 तास काम. 12 तारखेला फौज राजौरीत पोचली.

हल्ला करणाऱ्याला निदान रागाची साथ असते. गोळ्यांखाली सुरुंग उकरणाऱ्याला मात्र हात स्थिर आणि डोकं थंड ठेवावं लागतं, तेही एका क्षणापुरतं नाही, तर चार दिवस. मला तरी हे शौर्य जास्त अवघड वाटतं.

त्या युद्धातल्या पाच परमवीरांपैकी राणे आणि करमसिंग हे दोघेच हयात होते. राणे पुढे मेजर झाले. 1994 साली गेले. 2023 मध्ये अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव दिलं गेलं.

सुट्टीत गोव्याला जाणं होतंच आपलं. तिथून कारवार काही लांब नाही. किनाऱ्यावर 'चपळ' युद्धनौकेच्या शेजारी त्यांचा पुतळा आहे. मुलांना घेऊन जा आणि दोरांची गोष्ट जरूर सांगा.