झाकण नीट लावलंस का? किंगस्नेकची गोष्ट

गेले दोन आठवडे भाग आला नाही, त्याला कारण एक साप आहे. म्हणजे साप अजून आलेला नाही. काचेची रिकामी पेटी आली आहे आणि ती माझ्या टेबलाशेजारी ठेवली आहे.

मी डॅलसमध्ये राहतो, दिवसभर कोड लिहितो, आणि गेले सहा महिने कॅलिफोर्निया किंगस्नेक पाळायचं डोक्यात घेऊन बसलोय. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. वाटलं, ओरडेल. ती म्हणाली, "भाड्याच्या घरात साप? मालकाला विचारलंस का?" विचारलं होतं, लेखी परवानगीही घेतली होती. मग ती म्हणाली, "आणि उद्या तू परत आलास, तर त्याचं काय करायचं?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते शोधायला बसलो आणि हा भाग तयार झाला.

आधी नावाचं बघू. हा साप दुसरे साप खातो, म्हणून 'किंग'. आपल्या नागराजाचीही तीच सवय, पण तो विषारी आणि हा पूर्ण बिनविषारी. तरी अमेरिकेतला विषारी रॅटलस्नेकसुद्धा हा गिळतो, कारण त्या विषाचा याच्यावर फारसा परिणाम होत नाही. बाकी सगळं काम विळख्याचं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी विळख्याचा दाब मोजला. तेवढ्याच आकाराच्या रॅटस्नेकपेक्षा किंगस्नेक जास्त जोरात आवळतो असं निघालं. गंमत म्हणजे त्याचे स्नायू काही जास्त नसतात. तो वेटोळी स्प्रिंगसारखी नीट, एकसारखी घालतो. थोडक्यात हार्डवेअर तेच, फरक वापरण्यात.

आता या गोष्टीतला माझा आवडता माणूस. लॉरेन्स क्लॉबर, जन्म १८८३, सॅन दिएगो. शिक्षणाने इलेक्ट्रिकल इंजिनिअर. नोकरी शहराच्या वीज आणि गॅस कंपनीत, तीही शेवटी अध्यक्ष होईपर्यंत. सापांचं शास्त्र तो कुठल्याच कॉलेजात शिकला नव्हता. १९२०च्या दशकात तिथल्या प्राणिसंग्रहालयाने साप ओळखायला त्याची मदत मागितली, आणि तिथून तो जो सापांत अडकला तो कायमचा. रात्री वाळवंटातल्या रस्त्यांवर हळूहळू गाडी चालवायची, उजेडात दिसेल त्या सापाची नोंद करायची. पुढे त्याने रॅटलस्नेकवर दोन जाडजूड खंड लिहिले. ऑफिस सुटल्यावर साइड प्रोजेक्ट करणाऱ्या आपल्यासारख्यांनी याचा फोटो डेस्कवर लावावा, असं माझं मत आहे.

किंगस्नेकच्या बाबतीत त्याने एक जुना घोळ मिटवला. कॅलिफोर्नियात दोन प्रकारचे साप दिसायचे. एकाच्या अंगावर आडवे पट्टे, दुसऱ्याच्या पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच उभी रेघ. रेघवाल्याला १८३५ साली एका फ्रेंच शास्त्रज्ञाने नाव दिलं, पट्टेवाल्याला १८५३ साली अमेरिकनांनी वेगळं. म्हणजे कागदावर दोन वेगळे साप. क्लॉबरने १९३६ साली दाखवून दिलं की एकाच मादीच्या अंड्यांतून दोन्ही नक्षींची पिल्लं निघतात. भाऊ पट्टेवाला, बहीण रेघवाली. साप एकच.

तेव्हा ही गोष्ट अभ्यासकांपुरती होती. पण नक्षी आणि रंग पिल्लांत कसे उतरतात हे जसजसं कळत गेलं, तसतशी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरगुती पैदास वाढली. पांढरट-पिवळे अल्बिनो, फिकट जांभळट, केळ्याच्या रंगाचे, सगळे बाजारात आले. नवशिक्यांना हा साप सुचवायची कारणंही खरी आहेत. लांबी साधारण तीन-चार फूट. खाण्याचे नखरे कमी. हवामान थोडं इकडेतिकडे झालं तरी तगतो. पाली, सरडे, उंदीर, पक्षी, अंडी, काहीही चालतं.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण आता आपण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या एका स्पॅनिश बेटावर जातोय.

ग्रॅन कॅनारिया. या बेटावर मुळात साप नाहीत. १९९८ साली तिथे मोकळ्यावर कॅलिफोर्निया किंगस्नेक सापडला. पाळलेले साप निसटले किंवा कोणीतरी सोडून दिले. सापडणाऱ्यांत अल्बिनो होते, रेघवाले होते, म्हणजे थेट पाळीव बाजारातला माल. बेटावरच्या सरड्यांनी हजारो पिढ्यांत साप पाहिलाच नव्हता, त्यामुळे पळायचं कशापासून हेच त्यांना ठाऊक नाही. त्यात हा साप वर्षातला बराच काळ जमिनीखाली दडून असतो, शोधणार कसा? २०११ पासून युरोपच्या पैशाने मोठी मोहीम झाली. सापळे लावले, हजारो साप पकडले, तरी तो संपला नाही. २०२१ साली आलेल्या अभ्यासानुसार, साप पोचलेल्या भागात फक्त याच बेटावर मिळणारा मोठा सरडा ९० टक्क्यांहून जास्त घटलाय, तिथली सापसुरळी ८० टक्क्यांहून जास्त, आणि पाल निम्म्याहून जास्त.

हे वाचून मी पेटी परत करायला निघालो होतो, खरंच. जे गुण दुकानदार सांगतो, तेच सगळे गुण त्या बेटावर सरड्यांच्या मुळावर आले. आणि सोडणारा माणूस राक्षस असणार असंही नाही. घर बदललं असेल, नोकरी गेली असेल, वाटलं असेल की बिचाऱ्याला मोकळं करू.

माझंही तेच होऊ शकतं ना. हा साप नीट सांभाळला तर वीस वर्षं सहज जगतो. माझा एच-वन-बी साधारण सहा वर्षांचा, आणि मध्येच नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त ६० दिवस. भारतात परदेशी प्राणी आणायला परवाना लागतो, बॅगेत घालून आणायची ही वस्तू नाही. (तिकडून ऐकणाऱ्यांसाठी: १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे आपले नाग, धामण, अजगर घरात पाळता येत नाहीत. घरात साप निघाला तर सर्पमित्राला फोन करा, बरणीत भरून ठेवू नका.)

म्हणून मी क्रम उलटा केला. आधी माणूस शोधला. इथलाच एक मराठी मित्र, ग्रीन कार्डवाला, त्याच्या बायकोला सापांची आवड. मला जावं लागलं तर साप त्यांच्याकडे जाणार, पेटीसकट. दोघांनी मेसेजवर हो म्हटलंय, स्क्रीनशॉट ठेवलाय.

मग पेटी. किंगस्नेक नाकाने झाकण ढकलून बघत राहतो, जरा फट मिळाली की गेला. म्हणून दोन्ही बाजूंना कुलूपवजा क्लिपा. एका टोकाला ऊब, साधारण ३१ अंश, दुसरं टोक थंड, २४-२५ च्या आसपास, आणि हीटरला थर्मोस्टॅट हवाच. दोन्ही टोकांना लपायला जागा, पाण्याचं भांडं. आणि एका पेटीत एकच साप. जोडी ठेवली तर एक दिवस जाडजूड असा एकच उरतो.

साप मात्र अजून निवडायचाय. रंगावर भाळायचं नाही असं ठरवलंय. जंगलातून पकडलेला नको, पैदाशीतलाच हवा. विकणाऱ्याला सांगायचं, माझ्यासमोर वितळवलेला फ्रोझन उंदीर खायला घाल. डोळे स्वच्छ हवेत, अंगावर बारीक किडे नकोत, श्वासाला घरघर नको. कात टाकण्याआधी डोळे निळसर दिसतात, तो आजार नाही. पिल्लू घाबरून शेपटी थरथरवेल, घाण वासाचं काहीतरी हातावर सोडेल, तेवढं चालायचंच. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. उंदराच्या वासाचा हात तर पेटीत घालायचाच नाही, कारण त्याला वास आणि बोट यातला फरक कळत नाही.

परवा आईचा परत फोन आला. मित्राचं सांगितलं. थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बरं. आणि झाकण?"

शनिवारी पिल्लू बघायला जातोय. भेटू पुढच्या भागात.